‘अर्थिंग नीट कर’ म्हणणाऱ्यांनो, आता पुरे

रात्री हौशी रेडिओ (हॅम रेडिओ) घेऊन ३.६ मेगाहर्ट्झवर बसावे, बँडवर (त्या लहरींच्या पट्ट्यात) कोणीही बोलत नसताना सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या एस-मीटरचा काटा नुसत्या घरघरीने एस ९ ला, म्हणजे जोरदार सिग्नलच्या खुणेला, चिकटलेला पाहावा, आणि ही व्यथा ज्याच्यापुढे मांडावी त्याने वाक्य पुरे होण्याआधीच ‘तुझे अर्थिंग नीट नसणार’ असे सांगून मोकळे व्हावे, हा प्रकार मी दोन वर्षे सहन केला. समोरचा हॅम (हौशी रेडिओवाला) माझा सिग्नल कसा येतो याचा तीन-तीनदा रिपोर्ट देतो, म्हणजे माझा सिग्नल त्याच्याकडे व्यवस्थित पोहोचतो आहे हे उघड असते, आणि मी मात्र हेडफोन कानांवर दाबून त्या घरघरीतून त्याच्या कॉलसाइनची (रेडिओवरच्या ओळखनावाची) शेवटची दोन अक्षरे उपसत बसतो. अखेर तो कंटाळून ‘७३’ (हॅमच्या भाषेत ‘शुभेच्छा’) म्हणतो आणि निघून जातो. एवढी नामुष्की पदरात घेऊन सल्ला मागावा, तर उत्तर ठरलेले.

केले अर्थिंग! जमिनीत तांब्याचा मुलामा दिलेला रॉड ठोकला, तिथून वरच्या मजल्यावरच्या खोलीपर्यंत सहा मीटर जाड तार ओढली, रेडिओच्या मागच्या स्क्रूला आवळली, आणि घरघर एका एस-युनिटने (मीटरवरच्या एका आकड्याने) वाढली. वाढणारच होती. सहा मीटर सरळ तारेचे इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला अडवण्याचा गुण) साधारण ८ ते ९ मायक्रोहेन्री भरते, म्हणजे ३.६ मेगाहर्ट्झला तिचा विरोध दोनशे ओहमच्या आसपास जातो. विजेच्या ५० किंवा ६० हर्ट्झच्या दृष्टीने ती तार म्हणजे जमीनच. पण रेडिओच्या दृष्टीने ती एक जास्तीची अँटेना, आणि तीही घरातल्या वायरिंगला खेटून गेलेली. शॉक लागू नये म्हणून केलेले अर्थिंग, आकाशातल्या विजेला वाट करून देणारे अर्थिंग आणि व्हर्टिकल (उभ्या) अँटेनाखाली चाकाच्या आऱ्यांसारख्या पसरलेल्या रेडियल तारा, या तीन वेगळ्या कामांना आपण एकच शब्द वापरतो आणि मग तिन्हींचा काला करतो. ‘रेडिओसाठी स्वतंत्र रॉड ठोक, घराच्या अर्थिंगशी त्याचा संबंध ठेवू नकोस’ हा सल्ला देणाऱ्यांचा तर मला मनापासून राग येतो, कारण जवळपास वीज कोसळली की या दोन रॉडांमध्ये हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो आणि तो मिटण्याचा रस्ता रेडिओच्या पोटातून जातो.

रेडियलचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. पाव तरंगलांबीच्या व्हर्टिकलचा खरा विरोध ३६ ओहमच्या आसपास असतो. खाली रेडियल अपुरे असले की जमिनीत वाया जाणारे १४ ओहम त्यात मिळतात, बेरीज बरोबर केबलच्या ५० ओहमइतकी होते, आणि एसडब्ल्यूआर (केबल आणि अँटेना किती जुळतात याचे माप) १.० म्हणजे पूर्ण जुळणीचा आला म्हणून मालक मिशीला पीळ देतो. पुढे कोणी तिथे आणखी वीस तारा अंथरल्या आणि एसडब्ल्यूआर १.४ कडे सरकला, तर अँटेना सुधारली असे न म्हणता हे महाशय तारा गुंडाळायला घेतात!

माझ्या घरघरीचा उगम शेवटी सापडला तो अर्ध्या तासात, आणि त्यासाठी एक रुपयाही लागला नाही. रेडिओ १२ व्होल्टच्या बॅटरीवर घेतला आणि घराचा मेन स्विच पाडला. काटा एस ९ वरून एस ४ वर आला. एक एस-युनिट म्हणजे ६ डेसिबल, म्हणजे ही ३० डेसिबलची, शक्तीच्या हिशेबात हजार पटींची घट, आणि ती सारी घाण माझ्याच छपराखालची. मग एकेक एमसीबी वर करत गेलो. एका खोलीचा एमसीबी वर करताच दर ६५ किलोहर्ट्झला एक, असे ओळखीचे उंचवटे बँडभर पुन्हा उभे राहिले. कपाटामागे कायमचा खोचून ठेवलेला, कोणत्याच उपकरणाला न जोडलेला एक स्वस्त ॲडॉप्टर! तो उघडून पाहिला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. बोर्डावर फिल्टरच्या चोकची (ही घाण अडवणाऱ्या तारेच्या गुंडाळीची) जागा नीट छापलेली होती, पण तिथे चोकऐवजी तारेचे दोन तुकडे डाखले होते; शेजारी कपॅसिटरची दोन भोके रिकामीच. म्हणजे ज्याने आराखडा काढला त्याला फिल्टर हवा हे पक्के ठाऊक होते, आणि चार पैसे वाचवण्यासाठी कोणीतरी तो शांतपणे गाळला. वर खोक्यावर मान्यतेच्या खुणांची रांग!

ॲडॉप्टर काढल्यावर काटा एस ६ वर थांबला, कारण एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर आपापली भर घालतच होते. ही घाण कोॲक्सच्या (अँटेनाकडे जाणाऱ्या जाळीदार केबलच्या) जाळीच्या बाहेरच्या अंगावरून माझ्या डायपोलच्या (मध्याशी केबल जोडलेल्या दोन तारांच्या अँटेनाच्या) मध्यापर्यंत चढते आणि तिथून आतल्या तारेत शिरून सिग्नल म्हणून परत येते. यावर दुकानदार केबलवर जो चाप लावायचा फेराइट (चुंबकीय पदार्थाचा तुकडा) गळ्यात मारतात, त्यातून केबल एकदाच जाते आणि ३.६ मेगाहर्ट्झला जेमतेम दोन आकडी ओहम मिळतात. असे चार चाप मीही लावले होते आणि काटा ढिम्म हलला नव्हता. फेराइटमधून केबलचे वेढे दुप्पट केले की विरोध ढोबळमानाने चौपट होतो, एवढे साधे गणित पाकिटावर छापायला काय हरकत होती? शेवटी मिक्स ३१ या प्रकारच्या फेराइटच्या २.४ इंची टोरॉइडवर (कड्यावर) बारीक कोॲक्सचे बारा वेढे घेतले, असा एक चोक डायपोलच्या मध्याशी आणि दुसरा केबल घरात शिरते तिथे लावला, आणि काटा दिवे चालू असतानाही एस ४ वर उतरला.

ती सहा मीटरची तार मी ओढून काढली. रॉड मात्र जाड तांब्याच्या पट्टीने घराच्या मूळ अर्थिंगला जोडला आहे आणि केबलच्या लाइटनिंग अरेस्टरला आता त्याचाच आधार आहे.