नहपानाला ‘मोठेपणा’ दिल्याच्या आक्षेपाबद्दल

नमस्कार. नहपानावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की नहपान हा परका शक राजा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने त्याचा निःपात केला, एवढं सांगून विषय संपायला हवा होता. त्याच्या जावयाच्या दानधर्माचं कौतुक करून मी सातवाहनांचा विजय छोटा केला.

मला नेमकं उलट वाटतं. गौतमीपुत्राने काय जिंकलं, हे नहपानाकडे पाहिल्याशिवाय कळतच नाही.

नाशिकच्या पांडवलेण्यांत दोन्ही बाजू एकाच डोंगरात आहेत. दहा नंबरच्या लेण्यात उषवदाताचे कोरीव लेख आहेत. हा दिनिकाचा मुलगा, नहपानाचा जावई, दक्षमित्रेचा नवरा. त्याने नाशिकजवळच्या गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेण्यांकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, तीन हजार कार्षापण (त्या काळची नाणी) कायमची ठेव म्हणून ठेवले. दोन हजारांवर महिन्याला शेकडा एक, उरलेल्या हजारावर शेकडा पाऊण असं व्याज, आणि त्यातून भिक्षूंची वस्त्रं व इतर खर्च. हा तपशील मी लांबवला हे खरं, पण त्या काळचं नाशिक कसं चालायचं याचा इतका थेट पुरावा मी सोडणार नाही.

आता तीन नंबरचं लेणं. तिथे गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री आपल्या मुलाला क्षहरात वंश, म्हणजे नहपानाचं घराणं, निरवशेष करणारा म्हणते. हा लेख तुम्ही उद्धृत केलात, ते योग्यच. पण त्याच लेण्यात गौतमीपुत्राची अठराव्या राज्यवर्षातली आज्ञाही आहे. उषवदाताकडे असलेलं दोनशे निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) शेत तो भिक्षूंना देतो. चोविसाव्या वर्षी कळतं, की आधी दिलेलं काखडी गावचं शेत कसलं जात नाही, गावही ओस आहे. तेव्हा राजा आणि राजमाता बदली जमीन देतात. घराणं संपवलं, पण भिक्षुसंघाचा आधार तुटू दिला नाही. मला हा राजा त्या एका विशेषणापेक्षा मोठा वाटतो.

नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीचा नाण्यांचा साठाही तेच सांगतो. १९०६ साली सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारला आहे. वितळवली नाहीत. नहपानाच्या चेहऱ्यावरच सातवाहनांचं डोंगराचं चिन्ह उमटवून तीच चांदी पुन्हा चलनात आणली.

शालिवाहन शक या विजयातून सुरू झाला, हे तुमचं वाक्य मात्र मान्य नाही. सातवाहन लेखांत राज्यवर्षं असतात, तो शक नसतो. तो सातत्याने वापरला पश्चिम क्षत्रपांनी, म्हणजे पश्चिम भारतातल्या शक राजांनी. नहपानाच्या लेखांतली ४१ ते ४६ ही वर्षंही शकाची की त्याच्या राज्याची, यावर अभ्यासकांचे मतभेद आहेत. कोणतं मत धरता त्यावर त्याचा काळ इ.स. १२४ च्या आसपास येतो किंवा बराच मागे जातो.

आणि नहपानाबरोबर शक गेले नाहीत, फक्त क्षहरात गेले. चष्टनाचं घराणं लगेच उभं राहिलं. त्याचा नातू रुद्रदामन जुनागढच्या लेखात सांगतो, की दक्षिणापथपती, म्हणजे दख्खनचा सातवाहन राजा, सातकर्णीला दोनदा हरवलं, पण जवळचं नातं म्हणून उखडून टाकलं नाही. परके कोण, आपले कोण, ही रेघ त्या राजांनाही तुम्ही म्हणता तितकी सरळ ओढता आली नव्हती. म्हणून मूळ लेखातला उषवदाताचा भाग मी काढणार नाही.