खुलासा : आमच्या शाळेत धर्मशिक्षणाची सक्ती नाही

‘गोराई-मनोरीकडच्या चर्चच्या प्राथमिक शाळेत सगळ्याच मुलांना कॅटेकिझम (कॅथलिक धर्मशिक्षण) सक्तीचं केलंय, पोरांचे दाखले काढा,’ असा मेसेज फिरतोय. हे खरं नाही. माझी मुलगी तिथेच तिसरीत आहे. तिच्या वहीच्या पहिल्याच पानावर वेळापत्रक चिकटवलंय : कॅथलिक मुलं कॅटेकिझमला बसतात, त्या तासाला बाकीच्यांना मूल्यशिक्षण. मुख्याध्यापिका सिस्टरांनीही विचारल्यावर हेच सांगितलं. शिवाय राज्यघटनेच्या कलम २८(३) नुसार, सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय अल्पवयीन मुलाला धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. कोळी, आगरी, ईस्ट इंडियन (इथले मूळचे मराठी बोलणारे कॅथलिक) पोरं इथे एकाच बाकावर बसतात. घाबरून दाखले काढले, तर एवढीशी शाळा टिकणार कशी? कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.