यमन निघाला, भूप पोचला

शनिवारी संध्याकाळी साडेसहा ते साडेसात आमच्या घरात भांडी घासायला, मोठ्याने बोलायला आणि शक्यतो शिंकायलाही बंदी असते. त्या तासात बायको न्यू जर्सीतल्या एका बाईंना गाणं शिकवते. तिकडे तेव्हा सकाळ असते (उन्हाळ्यात नऊ, थंडीत आठ, त्यांची घड्याळं वर्षातून दोनदा पुढेमागे होतात आणि दोन्ही वेळा आमच्याकडे गोंधळ होतो). बाई वही-पेन घेऊन बसतात. बायको तानपुरा लावते आणि आलाप सुरू करते.

पावसाळ्यात यमन राग चालू होता. पुढच्या शनिवारी बाईंनी घरचा अभ्यास म्हणून दाखवला, तर तो चक्क भूप.

“अहो, यमन ना हा?”

“मॅडम, तुम्ही असाच शिकवलात,” बाई म्हणाल्या आणि पुराव्यादाखल रेकॉर्डिंग पाठवलं. ऐकलं तर खरंच! बायको निषादावर किंवा तीव्र मध्यमावर गेली की आवाज तुटत होता. यमनातून म आणि नी काढून टाकले तर सूर भूपाचे उरतात, हे ती प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला तोंडी सांगते. आमच्या वायफायने ते प्रात्यक्षिकासह करून दाखवलं होतं.

इंटरनेटवाल्यांना फोन केला. “सर, इकडून लाइन ओके दिसतेय. राउटर एकदा बंद करून चालू करून बघा ना.” मग एक मुलगा घरी आला. मंगळवारी सकाळी अकरा वाजता, म्हणजे घरात कोणीच गात नसताना. मोबाइल माझ्या नाकासमोर धरून म्हणाला, “बघा काका, स्पीड शंभर येतंय.” कोणी ‘काका’ म्हटलं की माझा भांडायचा निम्मा जोर तिथेच संपतो.

मग तपास मी स्वतःच हातात घेतला. आधी शेजारपाजार. मोबाइलवर एक अ‍ॅप टाकलं, त्यात आजूबाजूची सगळी नेटवर्कं दिसतात. ‘श्री स्वामी समर्थ’, ‘जोशी दुसरा मजला’, ‘पासवर्ड मागू नये’. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरींच्या पट्ट्यात वायफायला तेरा चॅनल असतात, पण ते एकमेकांवर इतके चढलेले असतात की एकमेकांना धक्का न लावता १, ६ आणि ११ एवढेच नीट बसतात. स्वामी समर्थ, जोशी आणि पासवर्डवाले तिघेही सहावर होते. आम्हीही. हा पट्टा म्हणजे लोकलचा जनरल डबा. २००५ पासून त्याला आपल्या देशात परवाना लागत नाही, त्यामुळे वायफाय, ब्लूटूथ, बिनतारी माउस, लहान मुलांची रिमोटवरची गाडी, सगळे त्यातच चढतात. आम्ही उतरून अकरावर गेलो. जोशींचं माहीत नाही, आमचं काही सुधारलं नाही.

पुढचा संशयित तानपुरा. तो मोबाइलमधून ब्लूटूथ स्पीकरवर वाजतो, आणि ब्लूटूथ याच पट्ट्यात सेकंदाला १६०० वेळा जागा बदलत उड्या मारतं. “तानपुरा जरा बंद ठेवून बघतेस का?” असं मी विचारलं. त्यावर बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर मी तानपुऱ्याला निर्दोष सोडलं. वास्तविक तो निर्दोषच होता. गर्दीची जागा ओळखून टाळण्याची अक्कल ब्लूटूथला २००३ मध्येच आली आहे. त्यानंतर लॅपटॉपला खोचलेली हार्ड डिस्क काढली, कारण यूएसबी ३.० ची वायरसुद्धा २.४ च्या आसपास खरखर करते. इंटेलनेच २०१२ मध्ये तसं लिहून ठेवलंय. तरीही मध्यम गायबच.

शेवटी लॅपटॉपवर ती काळी खिडकी उघडून राउटरला पिंग लावून बसलो, म्हणजे त्याला सारखी हाक मारायची आणि ओ यायला किती वेळ लागतो ते बघायचं. ४, ५, ४, ६ मिलिसेकंद. ५, ४. मग एकदम ३८०, ९१२, ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’. पुन्हा टाइम्ड आउट. इतक्यात स्वयंपाकघरातून ‘टिंग’ असा आवाज आला आणि पडद्यावर ५.

स्वयंपाकघरात बाबा कप घेऊन उभे होते.

बाबांच्या चहाबद्दल सांगायला हवं. ते चहा घेऊन पेपर वाचायला बसतात आणि पेपर संपूर्ण वाचतात, म्हणजे जाहीर नोटिसा आणि निविदांसकट. दोन घोट होईपर्यंत अग्रलेख येतो आणि चहा गार होतो. मग मायक्रोवेव्हमध्ये तीस सेकंद. परत दोन घोट, मग वाचकांची पत्रं, परत तीस सेकंद. मायक्रोवेव्ह जुना, गोल बटणाचा, फ्रिजवर ठेवलेला. त्याच भिंतीच्या पलीकडे, बरोब्बर तेवढ्याच उंचीवर आमचा राउटर टांगलेला.

“मी चहा गरम केला की अमेरिकेतला मध्यम जातो?” बाबांनी शांतपणे विचारलं. हे आयुष्यभर टेलिफोन खात्यात होते. बिनतारी वस्तूंवर त्यांचा विश्वास नाही.

मी समजावलं. मायक्रोवेव्हच्या लहरी २.४५ गिगाहर्ट्‌झच्या, म्हणजे आपल्या पट्ट्याच्या ऐन मध्यात. आत आठशे वॉट खेळत असतात, राउटरची ताकद वॉटाचा दहावा हिस्सा. दारातून नियमात बसेल इतकं अगदी किंचित गळलं, तरी माणसाला काही होत नाही, पण राउटरचा आवाज दबतो. शिवाय ओव्हन सलग ओरडत नाही. विजेच्या ठेक्यावर सेकंदाला पन्नास वेळा चालू-बंद होतो, त्या फटींमधून जेवढं निसटेल तेवढं निसटतं. म्हणून गाणं पूर्ण बंद पडत नाही, नुसते सूर गळतात.

“मग मलाच एकट्याला का धरतोस?”

त्यांना बरं वाटावं म्हणून पार्क्सची गोष्ट सांगितली. ऑस्ट्रेलियात पार्क्स इथे ६४ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण आहे. तिथल्या शास्त्रज्ञांना १९९८ पासून अधूनमधून विचित्र संकेत मिळत होते. आकाशातले की पृथ्वीवरचे, हा घोळ २०१५ मध्ये मिटला. तिथे कोणीतरी मायक्रोवेव्ह थांबायच्या आधीच दार उघडत असे, आणि दुर्बीण ते टिपत असे.

“बघ,” बाबा म्हणाले, “त्यांनी त्यावर शोधनिबंध लिहिला. घरातल्या म्हाताऱ्याची उलटतपासणी नाही घेतली.”

उपाय शोधायला बसलो. ५ गिगाहर्ट्‌झच्या दुसऱ्या वायफाय पट्ट्यावर मायक्रोवेव्हचा त्रास नाही, पण ते बायकोच्या खोलीपर्यंत पोचेना. मधे दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट. राउटर हलवायचा तर फायबरचा पॉइंट तिथेच. चहा गॅसवर गरम करावा, असं मी सुचवून पाहिलं. पुन्हा उकळलेला चहा कडवट होतो, असं उत्तर आलं. त्या तासापुरता पेपर बाजूला ठेवावा, हे सुचवायची हिंमत घरात कोणालाच झाली नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा बाजारात गेले आणि केबलचं भेंडोळं खांद्याला अडकवून आले. पक्कड, टेस्टर आणि क्लिपांचा डबा माळ्यावरून खाली आला. दुपारभर ते चष्मा कपाळावर ढकलून पुटपुटत होते: “पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.” आठ तारा नखाएवढ्या प्लगमध्ये ओळीने बसवल्या, चिमटा दाबला. भिंतीच्या कडेने एकेक वीत सोडून क्लिपा ठोकत केबल राउटरपासून देवघरावरून थेट बायकोच्या खोलीत नेली. देवघराला मात्र वळसा घातला, भोक पाडलं नाही.

शनिवारी यमन सगळाच्या सगळा गेला. बाबांनी बरोबर पावणेसातला कप मायक्रोवेव्हमध्ये ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि बटण फिरवलं. आतून निषाद स्वच्छ ऐकू येत होता.

तास संपताना बाई म्हणाल्या, “मॅडम, आज प्रत्येक सूर पोचला. फक्त एक विचारू? ते मधेमधे ‘टिंग’ वाजतं, ते सम दाखवायला आहे का?”