थैली आणि यादी

आज उपासनेत शेवटचे गीत झाल्यावर आणि आशीर्वाद होण्याआधी, नागपूरच्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वर्गणी थकलेल्या कुटुंबांची यादी व्यासपीठावरून वाचून दाखवण्यात आली. सतरा नावे होती आणि प्रत्येक नावापुढे रक्कम होती. बाहेर नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू आहे, आत चार कूलर घोंघावत होते, तरीही प्रत्येक आकडा शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ ऐकू येत होता, कारण माईक आणि स्पीकर नवे आहेत. अकरावे नाव एका वृद्ध, विधवा मावशींचे होते. त्या मार्चपासून उपासनेला आलेल्या नाहीत हे माझ्याही लक्षात त्या यादीमुळेच आले, आणि याची लाज आधी मला वाटली पाहिजे हे कबूल करूनच पुढे लिहिते. त्यांच्याकडे 900 रुपये निघतात हे समितीला ठाऊक होते. त्या का येत नाहीत हे कोणालाच ठाऊक नव्हते.

मी तेव्हा काही बोलले नाही. बाहेर तर्री पोहे होते, ते खाल्ले आणि घरी आले. दुपारी पडून राहिले, पण डोळा लागला नाही, कारण डोक्यात सारखी वडिलांची थैली येत होती.

माझ्या दहावीच्या वर्षी वडिलांची गिरणी बंद पडली. पहिला महिना त्यांनी रविवार चुकवला नाही. मग एका रविवारी डोके दुखते म्हणाले, पुढच्या रविवारी पोट बिघडले. खरे कारण आईने रात्री काढून घेतले. आमच्याकडे अर्पणासाठी तेव्हा जांभळ्या मखमलीची, लाकडी दांड्याची थैली बाकांवरून फिरत असे. ती समोर आल्यावर टाकायला हातात काही नसेल तर काही माणसे मिटलेली रिकामी मूठ आत घालून बाहेर काढतात, हे सगळ्यांना माहीत असते. वडील म्हणाले, "देवाच्या समोर ती रिकामी मूठ मला जमणार नाही." त्यापेक्षा त्यांनी घरी बसणे पत्करले.

तिसऱ्या रविवारी दुपारी मंडळीचे खजिनदार काका सायकलवर आले. रेल्वेतून निवृत्त झालेले, फार कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी कोरा चहा घेतला, संत्र्यांच्या भावाची चौकशी केली, माझ्या गणिताची वही चाळली आणि निघताना चपला घालत म्हणाले, "थैली फिरवायला माणूस नाही हो. माझा खांदा आता वर होत नाही. येत्या रविवारपासून तुम्ही फिरवाल का?" आणि मग त्याच खांद्यावर सायकल उचलून घेऊन त्यांनी आमच्या दारासमोरची नाली ओलांडली.

जो थैली फिरवतो त्याने स्वतः तिच्यात काय टाकले, हे कोणी पाहत नाही.

चर्च कशासाठी असते, हा प्रश्न मला शेजारी विचारतात, शाळेतले सहकारी विचारतात आणि हल्ली आमचीच तरुण मुलेही विचारतात, की उपासना मोबाइलवर दिसते, प्रवचन त्याहून चांगले ऐकायला मिळते, प्रार्थना तर घरीही होते, मग सदरला किंवा सीताबर्डीला उन्हात तडफडत जायचे कशाला? यावर आपल्याकडची ठराविक उत्तरे आहेत. आपण हिस्लॉपसाहेबांचे नाव घेतो. 1845 साली, भोसल्यांचे राज्य असताना, तो स्कॉटिश मिशनरी नागपूरला आला. त्याने शाळा काढली, इथले खडक आणि जीवाश्म अभ्यासले, गोंडांविषयी लिहिले आणि 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची दगडी वर्तुळे पाहून परतताना बोरीजवळ पाण्यात बुडून गेला. त्याच्या नावाचे कॉलेज सगळ्या शहराला माहीत आहे. मग आपण म्यूर मेमोरियल दवाखान्याचे नाव घेतो, मिशनच्या शाळांची नावे घेतो, आणि समोरचा माणूस मान डोलावतो. हे सारे खरे आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण शाळा सरकारही चालवते आणि दवाखाना धनिकही बांधतो. पूर्वजांनी जगासाठी काय केले हे सांगून आज आपण काय करतो हा प्रश्न टळतो, आणि आपल्याला बहुधा तेच हवे असते.

माझे उत्तर थैलीचे आहे. कोण आले नाही हे जिथे कळते, का आले नाही हे विचारायला जिथून कोणी तरी निघते, आणि येणाऱ्याची मान खाली जाणार नाही अशी वाट जिथे शोधली जाते, त्या जागेला चर्च म्हणायचे. बाकी सगळे, गायन, घंटा, नाताळचे तारे, मला मनापासून आवडते, पण ते त्या जागेचे सामान आहे.

हे काही माझ्या पदरचे नाही. बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय काढून पाहा. यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होऊ लागले आणि कुरकुर सुरू झाली. बारा प्रेषितांनी त्या विधवांची यादी वाचून दाखवली नाही. त्यांनी सगळ्या शिष्यांना बोलावले, सात माणसे निवडायला लावली आणि वाटपाचे काम त्यांच्यावर सोपवले. आपण आज जिला समिती म्हणतो तिचे मूळ कोणी शोधू लागला, तर ते पंगतीत वगळल्या गेलेल्या विधवांपाशी सापडेल! त्या सातांतला पहिला स्तेफन. आपल्या हिस्लॉपचेही नाव स्टीफनच होते, हे सहज आठवले.

आणि आपला शब्द तरी काय सुंदर आहे! मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बोलावून जमवलेली सभा असा होतो. मराठी बायबलात त्याला 'मंडळी' म्हटले. आमच्या आजोबांच्या पिढीतले पुरुष बायकोलाही 'आमची मंडळी' म्हणत. पौलानेही ख्रिस्त आणि मंडळी यांचे नाते नवराबायकोच्या नात्यासारखे सांगितले आहे. आता मला सांगा, घरची मंडळी तीन महिने घरी आली नाही तर कोणता शहाणा नवरा चौकात उभा राहून तिच्या नावावरची थकबाकी वाचतो?

मान्य आहे, पैसा लागतो. विजेचे बिल येते, छप्पर गळते, पाळकसाहेबांच्या घरीही चूल पेटते, आणि ज्यांना सहज परवडते असेही लोक त्या सतरांमध्ये होते हे मला ठाऊक आहे. त्यांच्याकडे जा, बसा, मागा. पण जाऊन बसण्याचा त्रास नको म्हणूनच तर माईक हातात घेतला जातो.

मला राग याहून मोठ्या गोष्टीचा आहे, आणि लिहिता लिहिता तो वाढतोच आहे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी याच नागपुरात, ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये, सहा वेगवेगळे चर्च आपापले जुने वेगळेपण सोडून एक झाले आणि उत्तर भारताचे चर्च जन्माला आले. केवढी ही गोष्ट! बाप्तिस्मा कसा द्यावा, बिशप असावेत की नसावेत, या प्रश्नांवर ज्यांचे पूर्वज शतकानुशतके भांडले, ती माणसे आपल्या शहरात एका वेदीपाशी आली. आणि आज आपण पन्नास-साठ घरांची मंडळी एकमेकांच्या घरी जात नाही. कोणाचे पूर्वज कोणत्या मोहल्ल्यातून, कोणत्या जातीतून आले, हे मात्र लग्न जुळवताना आपल्याला अचूक आठवते. जमिनीच्या फेरफाराची कागदपत्रे तोंडपाठ असलेले मंडळीचे वडीलजन, म्हणजे पुढारी, मी पाहिले आहेत. आजारी माणसांची नावे तोंडपाठ असलेला शेवटचा माणूस म्हणजे ते सायकलवाले काका.

कोणी म्हणेल, संस्थेकडून एवढी अपेक्षाच कशाला ठेवता? ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांनाही अखेरीस मिशनची चौकट अपुरी वाटली. 1917 मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' काढला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या येशूभक्तांनाही जागा दिली. ते मला पटते, अर्धेच पटते. पण टिळकांनाही दरबार लागलाच. एकट्याची भक्ती त्यांनाही पुरली नाही. आणि त्यांचा ख्रिस्ताकडचा प्रवास सुरू झाला तो राजनांदगावला जाणाऱ्या आगगाडीत, एका अनोळखी सहप्रवाशाने त्यांची विचारपूस करून हातात नवा करार ठेवला तेव्हा. तिथेही आधी कोणी तरी आपणहून बोलले होते.

वडिलांना पुढे एका गोदामावर रखवालदाराची नोकरी मिळाली. थैली त्यांनी सोडली नाही. पहिल्या पगाराच्या रविवारी त्यांनी सगळ्या बाकांवरून ती फिरवली, वेदीपाशी नेण्याआधी क्षणभर थांबले आणि स्वतःची नोट तिच्यात टाकली. मी पाहत होते. खजिनदार काका मात्र हातातल्या गीतपुस्तकात पाहत होते. दोन वर्षांत त्यांनी एकदाही वडिलांकडे मान वळवून पाहिले नाही. ते न पाहणे किती कष्टाचे असेल, हे मला आता, या वयात कळते.

इथवर लिहून झाल्यावर मी उठले आणि मावशींना फोन केला. "सलाम, मावशी," म्हटले, तर त्या लगेच म्हणाल्या, "काहून गं, यादीत माझं नाव वाचलं म्हणे? चला, कोणाले तरी आठवण आहे." त्या हसल्या. मला हसता आले नाही. त्यांना चर्चमध्ये घेऊन येणारी भाडेकरूंची मुलगी मार्चमध्ये लग्न होऊन गेली, आणि एकटीला ऑटोत चढता येत नाही, एवढेच कारण होते. दर रविवारचे पाकीट त्या स्टीलच्या डब्यात टाकत आल्या आहेत. त्यांनी मला थांबवून ठेवून मोजले; बारा निघाली.

येत्या रविवारी साडेसातला मी स्कूटर घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे. हेल्मेट दोन आण, असे त्यांनी बजावले आहे, झाशी राणी चौकात पोलीस उभे असतात म्हणून.