सबवूफरसाठी क्लास डीच का : एका आक्षेपाला उत्तर

स. न. वि. वि.

घरच्या सबवूफरसाठी (म्हणजे फक्त खालचे, बेसचे सूर वाजवणाऱ्या स्पीकरसाठी) क्लास डी ॲम्प्लिफायर (ज्यातले ट्रान्झिस्टर अतिवेगाने चालू-बंद होत राहतात) घ्यावा, या माझ्या लेखावर आपण लिहिले आहे की क्लास डीच्या बेसला पकड नसते, म्हणजे सूर थांबला तरी पडदा हलत राहतो, तो बिघडला की दुरुस्त होत नाही, त्याला 'डिजिटल' म्हणणे चूक आहे, आणि "लेखकाने चांगला क्लास एबी कधी नीट ऐकलेलाच नसावा" (क्लास एबी म्हणजे ट्रान्झिस्टर असे चालू-बंद न करता चालणारा जुना प्रकार). पहिल्या तीन गोष्टींवर मतभेद होऊ शकतो आणि त्याला माझी हरकत नाही. चौथे वाक्य मात्र माझ्याविषयीचा तर्क आहे, आणि तोही मला एक साधा प्रश्न विचारण्याची तसदी न घेता केलेला.

'डिजिटल'बद्दल आपले म्हणणे बरोबर आहे. ए, बी, सीनंतरचे अक्षर म्हणून ते नाव पडले. आतल्या स्पंदांची रुंदी मूळ संकेताप्रमाणे बदलते, एवढ्यावरून ते डिजिटल ठरत नाही. लेखातला शब्द आजच बदलला आहे.

आता ऐकण्याविषयी. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा भाग) आणि ट्रान्झिस्टर एकेक करून जमवून मी स्वतःच्या हाताने क्लास एबी ॲम्प्लिफायर बांधला आणि बंद खोक्यातल्या बारा इंची वूफरला जोडून तो नऊ वर्षे रोज ऐकला. त्याचा आवाज उत्तम होता, हे मी मूळ लेखातही लिहिले होते. आपण तिथपर्यंत वाचले असते तर कदाचित ते वाक्य लिहिले नसते. मी तो सोडला तो केवळ उष्णतेपायी. मे महिन्यात टीव्हीखालच्या कपाटात हीटसिंकला हात लावण्याची सोय नसे, आणि अशाच एका रात्री आउटपुटचे ट्रान्झिस्टर जोडीने गेले. 300 वॉटचा क्लास एबी सरासरी 100 वॉट देत असेल, तर तेवढ्या वेळात तो साधारण 120 वॉट किंवा त्याहून अधिक नुसती उष्णता बाहेर टाकतो. नव्वद टक्के कार्यक्षमतेचा क्लास डी हेच काम पंधरा वॉटच्या आत-बाहेर भागवतो. पुण्याच्या उन्हाळ्यात, हवा न खेळणाऱ्या कपाटात, हा फरक कागदावरचा राहत नाही.

त्याच खोक्याला, त्याच खोलीत मी पुढे क्लास डी जोडला, आणि पकड जिथे होती तिथेच राहिली. कारण सरळ आहे. 4 ओहम वूफरच्या व्हॉइस कॉइलचाच (पडदा हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचाच) रोध तीन ओहमच्या वर असतो, आणि पडदा थोपवणारा प्रवाह त्या रोधातूनच जातो. डॅम्पिंग फॅक्टर (वूफरचा रोध भागिले ॲम्प्लिफायरचा रोध) 100 असेल तर ॲम्प्लिफायरचा स्वतःचा रोध 0.04 ओहम, 200 असेल तर 0.02 ओहम, तीन ओहमांच्या बेरजेत ही तफावत एक टक्काही भरत नाही. बेस खरोखर सैल वाटला तो घर बदलल्यावर, कारण बारा फुटी खोलीत 47 हर्ट्झच्या आसपास स्थिर तरंग (भिंतींवरून परतून तोच सूर फुगवणारी लाट) उभा राहतो. सबवूफर कोपऱ्यातून दोन-अडीच फूट सरकवल्यावर ती घोंघावणारी गाज बरीच कमी झाली, ॲम्प्लिफायरला मी हातही लावला नव्हता. हे सगळे ऐकूनच कळले, आणि ज्याने नीट ऐकले नाही असे आपण म्हणता, त्यानेच ऐकले.

दुरुस्तीचा मुद्दा मी येथे वाढवत नाही. क्लास डीचा पूर्ण बोर्ड बदलता येतो, घरच्या वापरासाठी तेवढे पुरेसे आहे.

आपल्याकडे एकाच वूफरवर दोन्ही ॲम्प्लिफायर, आवाजाची पातळी मोजून सारखी करून ऐकल्याचा अनुभव असेल, तर तो खोलीच्या मापांसह जरूर लिहावा; मी तो जसाच्या तसा छापीन. माझ्या कानांविषयीचे अंदाज मात्र यापुढे छापले जाणार नाहीत.