कवळी नाही, म्हणून बुरशी नाही?

‘ज्येष्ठांनो, सावधान!’ असा एक निरोप व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. त्यात म्हटलंय: तोंडातली बुरशी फक्त कवळीवाल्यांना होते, दुखत नसेल तर बुरशी नाही, कवळी रात्रीही काढू नका, नाहीतर हिरड्या आक्रसतात, आणि आठवड्यातून एकदा ती उकळत्या पाण्यात टाका.

पहिलंच विधान चूक. ही बुरशी, कॅन्डिडा, कितीतरी धडधाकट माणसांच्या तोंडात मुळातच असते. लाळ तिला आवरून धरते. उतारवयात रक्तदाबाच्या, झोपेच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, मधुमेह बेताबाहेर जातो, अँटिबायोटिकचा कोर्स होतो, आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. दम्याचा स्टेरॉइडचा पंप ओढून चूळ न भरणाऱ्याचे बत्तीस दात शाबूत असले तरी त्याच्या जिभेवर पांढरे चट्टे येऊ शकतात. घरी ‘तोंड आलंय’ म्हणून बी-कॉम्प्लेक्स सुरू होतं, ते वेगळंच.

तरी कवळीवाल्यांना धोका जास्त, हे खरं. कवळी ज्या प्लॅस्टिकची असते त्या अ‍ॅक्रिलिकच्या बारीक खाचांत बुरशी चिकट थर धरते आणि वरच्या कवळीखाली टाळूपर्यंत लाळ नीट पोचत नाही. कवळी काढून आरशात पाहा: बुरशी झाली असेल तर टाळूवर बहुधा कवळीच्या आकाराचा लाल ठसा दिसेल. गंमत म्हणजे तो बहुधा दुखत नाही. त्यामुळे दुसरं विधानही गेलं. औषध लावून ठसा फिका पडला, पण कवळी तशीच मळकी राहिली, तर तो परत येतो.

रात्रीचं म्हणाल, तर दात काढून लगेच बसवलेली कवळी पहिले चोवीस तास काढू नका, असं दंतवैद्य सांगतात. ती सूचना बहुधा इथे जन्मभरासाठी ताणली आहे. दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजतंच, रात्री कवळी लावून ते थांबत नाही. झोपताना काढा, मऊ ब्रशने साध्या साबणाने घासा (टूथपेस्टने ओरखडे पडतात) आणि साध्या पाण्यात बुडवून ठेवा.

मिश्री किंवा तंबाखूची सवय असेल आणि पांढरा चट्टा पुसून निघत नसेल, तर बुरशी समजून घरी बसू नका, दाखवून या.

आणि उकळतं पाणी? त्याने अ‍ॅक्रिलिक वाकडं होतं. मग कवळी नवीच करावी लागते.