बॅगा सांभाळायला कोण बसणार?

मुलांच्या परीक्षा संपल्या की मुंबईतल्या घराघरांत सहली ठरू लागतात. कुणी खोपोलीच्या इमॅजिकाला जायचं म्हणतं, कुणी गोराईच्या वॉटर किंगडमला. व्हॉट्सॲपवर ग्रुप होतो, तिकिटांचा हिशेब सुरू होतो आणि कुणीतरी सहज लिहितं, "आत्या राइडमध्ये बसणार नाही, ती बॅगा सांभाळेल." लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण आत्याला कुणी विचारलेलंही नसतं.

गेली काही वर्षं मी ती आत्या आहे. एका विषाणूच्या संसर्गानंतर माझ्या डाव्या कानातून मेंदूकडे तोलाची खबर नेणारी नस जवळजवळ निकामी झाली. सपाट रस्त्यावर मी तुमच्यासारखीच चालते, काठी लागत नाही, बघणाऱ्याला काही कळतही नाही. पण हलत्या जागेवर पहिलं पाऊल टाकायचं म्हटलं की माझं शरीर मला साथ देत नाही. माझ्या थोरल्या दिरांना, म्हणजे आमच्या भाऊजींना, पार्किन्सन्स आहे. त्यांची अडचण वेगळी, पण अडतो आम्ही दोघं एकाच जागी. राइड चालू असते आणि चालू असतानाच तिच्यात चढायचं असतं.

मला जे म्हणायचं आहे ते आधीच सांगते. चालत्या राइडचा वेग कमी करणं किंवा ती थोडा वेळ थांबवणं हा रोजच्या कामाचा भाग असला पाहिजे. ती मेहेरबानी नव्हे. आणि त्यासाठी कुणाला रांगेसमोर उभं राहून आपल्या आजाराची कहाणी सांगावी लागू नये.

आता हे इतकं अवघड का, ते जरा नीट सांगते, कारण घरचेसुद्धा म्हणतात, "एक पाऊल तर टाकायचंय!" आपला तोल तीन गोष्टींवर चालतो. कानाच्या आतल्या इंद्रियावर, डोळ्यांवर, आणि तळपाय-सांध्यांकडून येणाऱ्या जाणिवेवर. एका कानाची खबर बंद पडली की मेंदू हळूहळू उरलेल्यांवर भागवायला शिकतो. फिजिओथेरपीतले मान वळवण्याचे, नजर एका जागी धरून ठेवण्याचे सगळे व्यायाम त्यासाठीच असतात. पण मग डोळे आणि पाय यांच्यावर सगळा भार येतो. आता एखादी भुताच्या वाड्याची राइड डोळ्यांसमोर आणा. अंधार आहे, म्हणजे डोळे गेले. पायाखाली सरकता पट्टा आहे, म्हणजे पायांची खबर भरवशाची नाही. माझ्याकडे जे उरलं होतं ते सगळं त्या दारात एकदम काढून घेतलं जातं. ज्यांना मधुमेहामुळे तळपायांना बधिरपणा आला आहे त्यांचीही हीच गत. आपल्याकडे असे लोक किती घरांत आहेत ते वेगळं सांगायला नको.

तोल सांभाळणं हे बरंचसं अंदाजाचं काम आहे. बंद पडलेल्या सरकत्या जिन्यावर पाय टाकताना तुम्ही कधी अडखळला असाल. जिना बंद आहे हे डोळ्यांना दिसत असतं, तरी शरीर पुढे झुकतं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी 2003 मध्ये यावर प्रयोग केला होता. निरोगी माणसांना आधी हलत्या पाटावर पुन्हा पुन्हा चढायला लावलं आणि मग तोच पाट थांबवला. आता तो हलणार नाही हे सांगूनही लोक पुढे कलंडले. म्हणजे पाऊल पडायच्या आधीच मेंदू वेग धरून तयारी करतो, आणि धडधाकट माणसाचाही तो अंदाज चुकतो. माझ्याकडे तर अंदाज बांधायची सामग्रीच अपुरी आहे. सरकता जिना सेकंदाला साधारण अर्धा मीटर जातो. तुम्हाला तो वेग जाणवतही नाही, कारण जाणवू न देण्याचं काम तुमचे कान करत असतात.

भाऊजींचं म्हणाल तर त्यांचे पाय उंबऱ्याशी थिजतात. पार्किन्सन्समध्ये हे पुष्कळांना होतं. दार, अरुंद जागा, वळण, जमिनीचा बदललेला रंग, यांतलं काहीही पुरतं. पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात आणि माणूस नुसता थरथरत उभा राहतो. मागून कुणी "चला, चला" म्हणालं की ते आणखी घट्ट होतं. त्यांना घाई करणं म्हणजे त्यांना अडवणं. याउलट पायापुढे आडवी पट्टी आखलेली असेल किंवा शेजारी कुणी शांतपणे "एक, दोन, एक, दोन" असा ताल धरला तर पाऊल सुटतं. हा काही घरगुती उपाय नव्हे, फिजिओथेरपिस्ट हेच शिकवतात. राइडच्या दारात पिवळी पट्टी आखायला किती खर्च येतो?

यंत्राच्या बाजूनं बघू. चालत्या राइडमागे विचार आहे आणि तो मला मान्य आहे. डिस्नीच्या लोकांनी ऑम्निमूव्हर नावाची पद्धत काढली आणि 1967 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडमध्ये ती पहिल्यांदा वापरली. 1969 मध्ये तिथे सुरू झालेल्या हाँटेड मॅन्शन या भुताच्या वाड्याच्या राइडमध्येही तीच आहे. सगळ्या गाड्या एकाच अखंड साखळीत, न थांबता फिरत राहतात, आणि प्रवासी गाडीच्याच वेगानं सरकणाऱ्या पट्ट्यावरून आत बसतात. थांबणं नाही म्हणून तासाला पुष्कळ माणसं जातात, रांग हलती राहते. अडचण अशी की एक गाडी थांबवायची तर सगळ्या थांबतात. तरीही तिथे ज्यांना पट्ट्यावर चालता येत नाही त्यांच्यासाठी पट्टा हळू करतात, गरज पडली तर थांबवतात. आत बसलेले लोक तेवढा वेळ अंधारात थांबतात. त्यांचं काही बिघडत नाही.

लंडन आयचं उदाहरण मला आणखी जवळचं वाटतं. 135 मीटर उंच चाक, 32 काचेच्या खोल्या, एका फेरीला अर्धा तास. ते सेकंदाला सुमारे 26 सेंटीमीटर इतकं सावकाश फिरतं, त्यामुळे बहुतेक लोक ते चालू असतानाच आत जातात. पण व्हीलचेअर आली किंवा वयस्कर माणूस आला तर थांबतं. एवढं अवाढव्य चाक एका आजीबाईंसाठी थांबू शकतं, तर आमच्याकडचा डबा का थांबू नये?

आणि आमच्याकडे थांबतच नाही असंही नाही. सप्टेंबरात वांद्र्याला माउंट मेरीची जत्रा भरते, डिसेंबरात माहीमचा उरूस. तिथला आकाशपाळणा बघा. तो प्रत्येक पाळण्याला थांबतो. पाळणेवाला चाक अडवतो, पाळणा हातानं स्थिर धरतो, माणूस नीट बसला की आडवा दांडा लावतो आणि मगच पुढचा पाळणा खाली आणतो. सुरक्षेच्या बाबतीत त्या पाळण्यांबद्दल बोलायचं तर दुसरी पोस्ट लिहावी लागेल. पण चढवण्याची त्यांची रीत मोठमोठ्या पार्कांनी शिकावी अशी आहे.

तशीच गेटवेवरून घारापुरीला जाणाऱ्या लाँचवरच्या खलाशांची. समुद्र काही थांबवता येत नाही, तिथे हलतं ते हलतंच. पण खलाशी एक पाय धक्क्याच्या पायरीवर आणि एक लाँचवर ठेवून उभा असतो. तो तुम्हाला ओढत नाही. आपला हात आडवा पुढे करतो, तुम्ही तो धरायचा. लाट लाँचला पायरीच्या पातळीला आणेपर्यंत म्हणतो, "थांबा, थांबा," आणि नेमक्या क्षणी, "आता या." मी त्या लाँचमध्ये चढले आहे, या तोलासकट. पाऊल कधी टाकायचं हे त्यानं सांगितलं आणि आधार माझ्या मुठीत होता, म्हणून चढू शकले.

हे मुद्दाम लिहिते आहे, कारण मदत करणारे नव्वद टक्के लोक उलट करतात. काखेत हात घालून उचलतात, दंड धरून ओढतात, पाठीमागून ढकलतात. ज्याचा तोल आधीच कच्चा आहे त्याला बाहेरून ओढलं की उरलासुरला तोलही जातो. हात पुढे करा, धरणं माझ्यावर सोडा. काठी असलेल्या माणसाची काठी काढून घेऊ नका. आणि काठी आधी पट्ट्यावर टेकवायला सांगू नका, कारण पट्टा काठीला पुढे नेतो आणि माणूस मागे राहतो. व्हीलचेअरवरून उठून चालत्या गाडीत बसणं तर जवळजवळ अशक्यच. तिथे थांबवण्याला पर्याय नाही.

उतरण्याबद्दल कुणी बोलतच नाही. चढताना निदान वाट बघता येते, पुढची गाडी घेते म्हणता येतं. उतरताना मांडीवरचा दांडा वर जातो आणि मोजके क्षण हातात असतात. राइडमध्ये गरगरलेलं असतं, अंधारातून एकदम उजेडात येतो, पाय बसून आखडलेले असतात. माझ्यासारखीला सगळ्यात जास्त धोका तिथे आहे. म्हणून चढताना मदत मागितली असेल तर ती खबर उतरण्याच्या टोकापर्यंत पोचली पाहिजे. तिथल्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं तर तोवर गाडी पुढे निघून जाते.

मुंबईजवळच्याच एका पार्कात, नाव लिहीत नाही, मी एका राइडच्या तोंडाशी उभी होते. संथ, लहान मुलांना घेऊन बसायची राइड. मी ऑपरेटरला म्हटलं, "दादा, जरा हळू कराल का? मला तोलाचा त्रास आहे." तो विशीतला मुलगा गोंधळला. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग सुपरवायझर आला आणि म्हणाला, "मॅडम, त्रास आहे तर कशाला बसता? बाहेर बाकडं आहे." मागे रांगेत कुणीतरी म्हणालं, "दिसायला तर ठणठणीत आहेत." माझा भाचा शेजारी उभा होता. त्याचा चेहरा पाहून मी बाजूला झाले.

त्या मुलाचा मला राग नाही. थांबवायचं बटण त्याच्या हाताशी होतं, पण ते कुणासाठी वापरायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. दाबलं असतं तर कदाचित त्यालाच बोलणी बसली असती. नियम लिहिलेला नसला की सगळा निर्णय सगळ्यात कमी पगाराच्या माणसावर येऊन पडतो. तो घाबरून "नको" म्हणतो, आणि ते "नको" आमच्या वाट्याला येतं.

सुरक्षेचा मुद्दा मी टाळत नाही. उलट्या फिरणाऱ्या, झटके देणाऱ्या राइडमध्ये मी बसणार नाही, बसूही नये. राइड मधेच बंद पडली तर अरुंद जिन्यानं उतरता आलं पाहिजे, अशी अट असेल तर ती मला आधी सांगा, मी विचार करून ठरवेन. कारण सांगून दिलेला नकार मी ऐकते. पण माणसाकडे बघून दिलेला नकार मला मान्य नाही. आणि जी राइड तीन वर्षांच्या पोराला चालते ती मला फक्त चढता येत नाही म्हणून बंद असेल, तर अडचण राइडची नाही, दाराची आहे. दार दुरुस्त करता येतं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. पार्किन्सन्स त्यात आहे. म्हणजे भाऊजी आहेत. माझ्यासारखा एका कानाचा तोल गेलेला माणूस त्या यादीत वेगळा धरलेला नाही. त्याच कायद्याचं 29 वं कलम सांस्कृतिक जीवनात आणि करमणुकीत इतरांच्या बरोबरीनं भाग घेण्याबद्दल आहे. करमणूक हा शब्द कायद्यात आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. लोकांना वाटतं अपंगांना रॅम्प दिला, बँकेत-दवाखान्यात जाता आलं, झालं. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी खटल्यात स्पष्ट सांगितलं की सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सगळीकडे सहज जाता-येता यावं यासाठीचे, निकष नुसते शिफारशीपुरते राहून चालणार नाहीत, सक्तीचे नियम करा. त्या नियमांत चालत्या राइडचं दार येईपर्यंत किती वर्षं जातील? पार्कवाल्यांना तोवर थांबायची काही गरज नाही.

आपल्या मुंबईबद्दलही एक बोलायचं आहे, आणि मी याच शहरात वाढले आहे म्हणून बोलते. अर्धा मिनिटही न थांबणाऱ्या लोकलनं आपल्याला घडवलं आहे. गाडी पूर्ण थांबायच्या आत उडी मारून खिडकीची जागा पकडणं याचं आपल्याला लहानपणापासून कौतुक. जो चढतो तो मुंबईकर, जो राहतो तो "नवीन आहे वाटतं". या सवयीत आपण हे धरून चाललो की यंत्र थांबणार नाही, माणसानंच जमवून घ्यायचं. ऑफिस गाठायच्या लोकलमध्ये ते एक वेळ समजू शकते. पण करमणुकीला गेलो तिथे कसली घाई आहे? अर्धा मिनिट राइड थांबली तर कुणाची नऊ चौदा चुकणार आहे?

यंदा आम्ही सगळे डिसेंबरात जाणार आहोत, भाऊजीही. तिकिटं काढण्याआधी मी पार्कला फोन करून विचारणार आहे, आणि तुमच्या घरी असं कुणी असेल तर तुम्हीही विचारा. कुठल्या राइडमध्ये चालू असताना चढावं लागतं? त्यांतल्या कुठल्या हळू करता किंवा थांबवता येतात, आणि कुठल्या अजिबात नाहीत? व्हीलचेअर किंवा काठी असेल तर कुठल्या दारानं यायचं, उतरण्याच्या फाटकातून घेता का? उतरताना पुन्हा थांबवणार का? दारात कुणाला सांगायचं? उत्तर फोनवर मिळालं तर ते ईमेलनंही मागून घ्या, म्हणजे दारात दाखवता येतं.

तुम्हाला जी उत्तरं मिळतील ती इथे खाली लिहा. मला मिळतील ती मीही लिहीन, राइडच्या नावासकट. भाऊजींनी त्यांची निवड आधीच सांगून ठेवली आहे. त्यांना बोटीची राइड हवी आहे, पुढच्या सीटवर.